पाठमोरी चाल

लोणावळ्याहून आलेल्या माणसाच्या पिशवीत लोक आधी चिक्की शोधतात. मी अकोल्याला उतरलो तेव्हा माझ्याही पिशवीत ती होती, पण तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी तिथून एक खेळ घेऊन आलो. गेलो होतो खरं तर शिकवायला. पाच दिवसांत माझी जी फजिती झाली ती सुरुवातीलाच कबूल करतो, म्हणजे पुढे लपवाछपवी करायला नको.

मी प्राथमिक शाळेतला संगीत शिक्षक. पेटी आणि गळा या दोन गोष्टींवर माझी सव्वीस वर्षं निघाली. मागच्या वर्षी गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी होती, देवाची कृपा. पण आवाज गेला तो गेलाच. आता मी बोललो की कुणीतरी फरशीवरून लोखंडी खुर्ची ओढतंय असं वाटतं. बोलण्यापुरतं भागतं, गाणं मात्र नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि फार गोड शब्दांत म्हणाले, "सर, तुम्ही आता वाचनालय बघा. गाण्याचा तास दुसऱ्या कुणाला देऊ. घाई नाही, जुलैअखेर सांगा." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. घरी आलो, पेटीवरचं कापड काढलं आणि परत घातलं.

त्याच आठवड्यात मंगलचा फोन आला. मंगल माझी डी.एड.ची वर्गमैत्रीण, मूळची मूर्तिजापूरची. लग्न होऊन मावळात गेली आणि आता भाज्याच्या पुढे एका वस्तीवरच्या छोट्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. मावळात इतकी वर्षं काढूनही माझ्याशी बोलताना तिची वऱ्हाडी लगेच बाहेर येते.

"दिगू, माह्या शाळेत गाण्याचा मास्तर नाही. पाच दिवस ये अन् पोरायले जुने खेळ शिकव. फुगडी, झिम्मा, भुलाबाई, जे येते ते."

"मंगल, मले गाता येत नाही आता."

"खेळाले गळा थोडीच लागते?" ती म्हणाली.

या एका वाक्यावर मी जुलैत पाच दिवसांची रजा टाकून गाडीत बसलो. गळ्याशिवाय गाण्याचा वर्ग चालवता येतो का, एवढंच मला बघायचं होतं. जमलं तर परत येऊन माझा तास मागून घ्यायचा, नाही जमलं तर वाचनालयात जाऊन बसायचं.

तुंगार्ली

मंगलचं घर लोणावळ्यातल्या तुंगार्लीत, तळ्याच्या अलीकडे. आजूबाजूला बंगले, एकेकाची नावं इतकी काव्यमय की आत कुणी राहत नसावं अशी शंका यावी. आणि ती बहुतेक खरीच असते. सोमवार ते गुरुवार तिथे राखणदार आणि कुत्री राहतात, शुक्रवारी संध्याकाळी मालक येतात. मंगलच्या घरात माणसं बाराही महिने राहतात, त्यामुळे तिच्याकडे ओले कपडेही भरपूर. जुलैत लोणावळ्यात कपडे वाळत नाहीत, ते फक्त जागा बदलतात: दांडीवरून खुर्चीवर, खुर्चीवरून दारावर. दुसऱ्या दिवशी मी जो सदरा घातला तो आदल्या दिवशीपेक्षा ओला होता. मंगल म्हणाली, "अंगावरच वाळते. अंगावर वाळलेला कपडा इस्त्री करा लागत नाही."

तिने माझ्यासाठी ज्वारीची भाकरी आणि ठेचा केला होता. सोबत कुकरमध्ये इंद्रायणी तांदळाचा भात. झाकण काढलं तसा घरभर वास सुटला. आमच्याकडे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी, उरलेल्या जागेत भरायची वस्तू. इथे भातच जेवण असतं. नुसता भात मी आयुष्यात पहिल्यांदा दोनदा मागून घेतला, वर तूपही नव्हतं.

भाजे, सोमवार आणि मंगळवार

मळवली स्टेशनला उतरून भाजे गावातून शाळेपर्यंत चालत जायचं. उजवीकडे डोंगरात लेणी, वरून धबधबा, पायथ्याशी टपऱ्या. सोमवारी त्या टपऱ्यांवर सामसूम होती. शनिवार-रविवार तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात.

शाळा दोन खोल्यांची, पुढे लांबलचक पत्र्याची शेड, शेडच्या एका टोकाला हापसा आणि दुसऱ्या टोकाला खिचडी शिजवायची खोली. पहिली ते चौथीची मुलं एकत्र बसवली होती. मी नमस्कार करून बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील नसतील तोच तिसरीतली एक मुलगी उठली, बाहेर गेली आणि पेला भरून पाणी घेऊन आली.

"सर, प्या. तुमचा घसा बसलाय."

ही रुबिना. तिचे वडील शेखभाऊ सुट्टीच्या दिवशी लेण्यांच्या पायथ्याशी भाजलेली कणसं विकतात. मी पाणी प्यालो. आवाज अर्थातच तसाच राहिला. रुबिनाने माझ्याकडे नाराजीने पाहिलं, जणू मी पाणी नीट प्यालो नव्हतो.

पहिला दिवस बरा गेला असं म्हणायला मी तयार आहे, पण मंगल ते चालवून घेणार नाही. मी झिम्म्याच्या टाळ्या शिकवल्या, फुगडीची पकड शिकवली. माझं वजन पाहता मी फुगडी प्रत्यक्ष घालून दाखवली नाही, यातच माझा शहाणपणा आला. डब्यावर ठेका धरला. मुलं टाळ्या वाजवत आणि मग माझ्या तोंडाकडे बघत उभी राहत. खेळ गाण्याचं बोट धरून चालतो आणि गाणं सुरू करायला कुणीतरी पहिला सूर लावावा लागतो. तो लावणारा माणूस तिथे पाणी पीत उभा होता.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी शेडमध्ये खिचडीची थाळी घेऊन बसलो होतो. सात-आठ मुली एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. रुबिना मध्ये. सगळ्या कमरेत वाकल्या आणि गायला लागल्या:

पुडं रोप हाय गं, पाय द्यायचा न्हाई,
मागं सर, मागं सर, वळायाचं न्हाई,
पानी आलं गुडघ्याला, बसायाचं न्हाई...

प्रत्येक ओळीला हात जमिनीला टेकवायचा आणि एक पाऊल मागे. अख्खी रांग पाठमोरी सरकत होती. ठेका इतका पक्का होता की माझ्या हातातला घास थांबला. तिसरी ओळ झाली की त्या परत पहिलीवर जात. चाल चार ओळींची होती, हे कुणीही कान असलेल्या माणसाने ओळखलं असतं. चौथी ओळ कुठेतरी गळाली होती. तिसऱ्या फेरीला रुबिनाची पाठ हापशाच्या दांड्यावर जाऊन आदळली, ती "आई गं" म्हणाली, सगळ्या हसल्या आणि खेळ मोडला.

मला त्या क्षणी काय आनंद झाला! हे गाणं मुलांना येत होतं. पहिला सूर मला लावायची गरज नव्हती. मी वही काढली आणि रुबिनाला विचारलं, कुणी शिकवलं?

"ठकूमावशीनी."

ठकूमावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई. साठीची असेल, काटक, कपाळाला मोठं कुंकू, पदर कायम खोचलेला. ती दहा पावलांवर भांडी घासत होती. शहाण्या माणसाने उठून तिच्याकडे जायला हवं होतं. मी वही घेऊन वर्गात गेलो.

भाजे, बुधवार

मंगळवारी संध्याकाळी तुंगार्लीत बसून मी त्या खेळाची सुधारणा केली. मागे चालताना मुलं आपटतात, तेव्हा पुढे चालवायचं, हे पहिलं. 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं, कारण शाळेत प्रमाण भाषा शिकवायची असते असं आम्हाला शिकवलेलं. आणि चौथी ओळ गळाली होती तर मी माझ्या पदरची घातली: 'चला पुढे, चला पुढे, थांबायाचं नाही.' मला ती फार स्फूर्तिदायक वाटली. मंगलला वाचून दाखवली तर ती कपडे या खुर्चीवरून त्या खुर्चीवर टाकत म्हणाली, "तुले पटते तं कर बाप्पा."

बुधवारी सगळी शाळा शेडमध्ये रांगेत उभी केली. मुलं गुणी. सांगितलं तसं पुढे चालली, सांगितलं तसं 'नाही' म्हणाली. आणि काही केल्या पाय पडेना. 'न्हाई' एका झटक्यात टेकायचं आणि त्याच झटक्यात पाऊल सरकायचं. 'नाही' म्हणताना मुलांचा पाय अर्धवट हवेत राहायचा. वाकून पुढे चालताना ती एकमेकांच्या हातांवर पाय देत होती. मी डबा जोरात वाजवला. मी जोरात वाजवला तशी ती आणखी चुकली.

खिचडीच्या खोलीच्या दारात ठकूमावशी उभी होती, हातात डाव. ती बराच वेळ बघत असणार. शेवटी न राहवून म्हणाली, "गुर्जी, रोपं तुडीवली की समदी."

मुलं खळखळून हसली. कसली रोपं, मला कळेना. ही बाई टोमणा मारते आहे एवढंच कळलं. आवाज गेल्यापासून माझा राग नाकावर असतो, हे मी कबूल करतो. मी माझ्या फरशीवर ओढलेल्या आवाजात म्हणालो, "मावशी, तुमची खिचडी करपेल तिकडे. इथलं मी बघतो. संगीत माझा विषय आहे."

हसणं एकदम बंद झालं. मावशी एवढंच म्हणाली, "व्हय, बाबा," आणि आत गेली.

खिचडी करपली नव्हती. उत्तम झाली होती. ती खाताना मला जे वाटलं ते सांगत नाही.

तिकोणा पेठ, गुरुवार

गुरुवारी खिचडीच्या खोलीत मावशी नव्हती. तिच्या जागी शेजारची कुणी बाई डाळ धूत होती. मी मुलांना रांगेत उभं केलं. रुबिना रांगेतून बाहेर येऊन विचारती झाली, "सर, मावशी रुसली का?"

मी मंगलकडे गेलो. ती हजेरी घेत होती. "रुसली नाही," ती म्हणाली. "आवणीले गेली. तिकोणा पेठेले, भावाच्या वावरात. तिचं माहेर हाय ते. दरवर्षी एक दिवस जाते." मग तिने पेन खाली ठेवलं. "पण रुसली असती तरी मी तिले नाव ठेवलं नसतं. दिगू, तुहा आवाज गेला हे मले माहीत होतं. कानबी गेले हे माहीत नव्हतं."

आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवशी रुबिनाच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया आवणीलाच होत्या. मंगलने मला कागदावर रस्ता काढून दिला: कामशेत, तिथून पवनानगर, पुढे मिळेल त्या वाहनाने. शेवटचा टप्पा मी खताच्या गोण्यांवर बसून केला. तिकोणा किल्ला डोक्यावर होता असं सगळे म्हणाले. मला ढगांपलीकडे काही दिसलं नाही, त्यामुळे किल्ल्याचं वर्णन मला जमायचं नाही.

गावाबाहेर खाचरंच खाचरं. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत, पायरीसारखं एकाखाली एक. एकात दहा-अकरा बायका रांगेत वाकल्या होत्या, डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद ओढलेले. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने काडी चिखलात रोवायची आणि एक पाऊल मागे. परत रोवायची, परत मागे. त्यांच्या समोर नुकत्याच लावलेल्या हिरव्या रेघा, पाठीमागे मोकळं गढूळ पाणी. अख्खी रांग पाठमोरी सरकत होती.

मी बांधावर उभा राहून बघत राहिलो. माझ्या गावाकडे तिफणीने पेरतात, कापसाचं बी हाताने टोबतात, आणि माणूस पुढे पुढे चालतो. बी मागे पडतं. माणसाने शेतात उलटं चालायचं असतं हे मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं. इथे जे लावलं ते समोर असतं. पुढे पाऊल टाकलं की आपलंच रोप पायाखाली. 'पुडं रोप हाय गं, पाय द्यायचा न्हाई.' वहीत लिहून घेतलेलं गाणं मी त्या बांधावर पहिल्यांदा ऐकलं, आणि लाज वाटली.

मावशीला हाक मारायला म्हणून मी चपला काढून खाचरात उतरलो. घाईत सरळ तिच्या दिशेने निघालो.

"ओ भाऊ! रोप, रोप!" दोन-तीन बायका एकदम ओरडल्या.

मी जागच्या जागी थांबलो. पाच-सहा काड्या माझ्या पायांखाली आडव्या झाल्या होत्या. ठकूमावशीने मान वर केली, मला ओळखलं आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागली.

"गुर्जी, तुमी हितंबी तुडीवलीच का?"

"मावशी," मी म्हणालो, "काल मी चुकीचं बोललो. माफ करा. तेवढं सांगायला आलो."

"एवढ्या लांब? त्यापरीस उंद्या सांगायचं व्हतं. उंद्या येनारच व्हते की मी." मग माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "आता आलाय तर ती लावा परत. नुस्तं माफ करून रोप हुबं ऱ्हात न्हाई."

मी पाडलेल्या काड्या परत लावल्या. मग तिने माझ्या हातात अख्खी मूठ दिली. माझी रेघ इतकी वाकडी आली की शेजारची बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ओळखू तरी येतीय कुनाची हाय ते." दहा मिनिटांत कंबर बोलायला लागली. पण मागे सरताना पायाला आपोआप ठेका लागला. चिखल पाय सोडतो त्याचा एक आवाज असतो, आणि 'न्हाई' बरोबर तिथे बसतं.

दुपारी बांधावर जेवण. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि खाचरातल्याच खेकड्यांचं कालवण. आमच्याकडे खेकडा खायचा म्हणजे धाडस. इथे ती पाहुण्याची खातिर होती. नांगी कशी फोडायची ते मला मावशीने शिकवलं. कालवण तिखट होतं, माझ्या ऑपरेशन झालेल्या गळ्याला भारी पडेल म्हणून मी हात आखडता घेतला. तिने ते पाहिलं.

"गळ्याला काय झालंय तुमच्या?"

मी सांगितलं. गाठ, ऑपरेशन, मुख्याध्यापकांचा चहा, वाचनालय, सगळं. अकोल्यात इतकं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

"गानं यायचं बंद झालं म्हंजी मास्तरकी बंद?" तिने विचारलं.

"गाण्याच्या मास्तराची तरी."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "त्या गान्याची शेवटली वळ तुमास्नी न्हाई ठावं. पोरी म्हनतच न्हाईत ती." आणि तिने बसल्या जागी, खाता खाता म्हटली:

बांध आला पाठीला, सरायाचं न्हाई.

मग खेळ समजावला. रांग मागे सरते तेव्हा मागे कुणीतरी बांध होऊन उभं राहायचं, हात पसरून. रांगेने वळून बघायचं नाही. ज्या पोरीची पाठ बांधाला लागेल तिने 'बांध!' म्हणून ओरडायचं की सगळ्या रांगेने थिजायचं. त्यानंतर जिने पाऊल टाकलं ती चिखलात गेली, म्हणजे बाद.

"आता बांध व्हायाला कुनी तयार व्हत न्हाई," मावशी म्हणाली. "समद्यास्नी गायाचं आसतं. बांधाला गाता येत न्हाई, बोलायचंबी न्हाई, नुस्तं हुबं ऱ्हायचं. मंग बांधबिगर खेळत्यात अन् जात्यात हापशावर." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी व्हा की बांध."

खरं सांगतो, मला जरा लागलंच. सव्वीस वर्षं पोरांना सूर दिले, आणि ही बाई मला मातीचा ढिगारा व्हायला सांगत होती. मी खेकड्याची नांगी फोडत बसलो.

भाजे, शुक्रवार

सकाळी मी मंगलला म्हणालो, आज तास मावशी घेईल. मंगलने खिचडीला त्या शेजारच्या बाईला बोलावून घेतलं आणि मावशीच्या हातातला डाव काढून घेतला. मावशी शेडच्या मधोमध आली आणि काय करावं ते न सुचून पदर परत परत खोचू लागली. त्या शाळेत ती चौदा वर्षं येते आहे. मुलांच्या रांगेपुढे उभी राहायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"बाई, मला शिकवायाला येत न्हाई," ती मंगलला म्हणाली.

"मावशी, मी चुकीचं शिकवलंय ते आधी पुसून द्या," मी म्हणालो.

तेवढं तिला पुरलं. "ए, हुबं ऱ्हावा सरळ," तिने आवाज चढवला. "कालचं, परवाचं समदं इसरायचं. पुडं कुनी जायाचं न्हाई. पुडं काय हाय?"

"रोप!" मुलं ओरडली.

मी रांगेच्या मागे, हापशाच्या अलीकडे, हात पसरून उभा राहिलो. मावशीने पहिला सूर लावला. तिचा आवाज काही गोड नाही. पण तो पडला आणि अख्खी शाळा त्याच्यावर वाकली.

पहिल्या फेरीला मी घोटाळा केला. रांग सरकत आली, टोकाचा छोटा मुलगा वाकडा यायला लागला, मला वाटलं पडतो आता, आणि मी दोन पावलं पुढे जाऊन त्याला धरलं.

"गुर्जी!" मावशी कडाडली. "बांध कदी चालतो का?"

मुलं पोट धरून हसली. मीही हसलो. दुसऱ्या फेरीला मी पाय रोवून उभा राहिलो. गुडघ्यात किंचित वाकून, हात मुलांच्या पाठींच्या उंचीवर आणून, तोंड बंद.

त्या जागेवरून मला जे दिसलं ते वर्गात पेटीमागे बसून कधी दिसलं नव्हतं. पेटीमागे असताना मुलांचे चेहरे माझ्याकडे असायचे आणि मी माझा आवाज ऐकायचो. इथे वीस-बावीस पाठी माझ्याकडे येत होत्या आणि मी फक्त त्यांना ऐकत होतो. डावीकडून तिसरी मुलगी अर्धी मात्रा आधी येते. चौथीतला उंच मुलगा गातच नाही, ओठ हलवतो. वाकडा येणारा छोटा मुलगा पडत नव्हता. तो शेजारणीचं ऐकून पाय टाकत होता, म्हणून उशिरा टाकत होता. त्याला नुसतं रुबिनाशेजारी उभं करायचा अवकाश होता. हे सगळं मला ऐकू आलं. कान गेले नव्हते. इतकी वर्षं ते माझ्याच गाण्यात गुंतले होते.

'बांध आला पाठीला, सरायाचं न्हाई.' रुबिनाची पाठ माझ्या तळहाताला लागली. ती वळून न बघता ओरडली, "बांध!" आणि सगळी शाळा थिजली. मावशी एकेकाचे पाय तपासत फिरली. कुणीही चिखलात गेलं नव्हतं.

तास संपल्यावर मी मावशीच्या पाया पडलो. ती दचकून मागे सरली. "असं काय करता गुर्जी, मी खिचडी करनारी बाई." मला आभार मानायचे होते, शब्द सापडले नाहीत, आणि सापडलेले घशात खरखरले. आता इथे लिहून ठेवतो. मावशी, तुमच्याकडून मी जे घेतलं ते मला कुणी पदविकेत शिकवलं नव्हतं. मी तुमचा फार ऋणी आहे. मंगलने ते गाणं मोबाईलवर घेऊन दिलं, तुमच्या आवाजात, तुमच्या 'न्हाई'सकट.

अकोला

सोमवारी तिसरीच्या वर्गाला मी पटांगणात नेलं. आमच्या मुलांनी भाताचं खाचर पाहिलेलं नाही. आधी मी खडूने फळ्यावर काढून दाखवलं, मग मावशीचा आवाज तीनदा ऐकवला. तिसऱ्यांदा अर्धा वर्ग बरोबर म्हणत होता. 'न्हाई' त्यांच्या तोंडी बसेना, ती आमच्या पद्धतीने 'नाई' म्हणाली, आणि पाय बरोबर पडला. मी दुरुस्त केलं नाही.

एक अडचण आली. "सर, बांध म्हणजे काय?" एकाने विचारलं. मी म्हणालो, दोन वावरांच्या मध्ये असतो तो. "म्हंजे धुरा?" आमच्या वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात, हे मी स्वतःच विसरलो होतो. ठरलं. ज्याची पाठ लागेल त्याने 'धुरा!' म्हणून ओरडायचं.

"पण धुरा कोण व्हईन?"

"मी."

बत्तीस मुलं रांगेत वाकली. मी मागे हात पसरून उभा राहिलो. एका मुलीने सूर लावला, जरा वरचाच, आणि रांग निघाली. तेवढ्यात मुख्याध्यापक व्हरांड्यातून उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी पाहिलं.

"सर, जुलै संपत आला," ते हळूच म्हणाले. "काय ठरवलं तुम्ही?"

मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खेळ चालू असताना धुऱ्याने बोलायचं नसतं, आणि बत्तीस पाठी माझ्या हातांच्या दिशेने येत होत्या.